लोहचुंबक नसलेला खण

टिण्... टिण् टिण्... दुपारच्या निजलेल्या घरात टाचण्यांची डबी फरशीवर सांडली, आणि अल्फियाचा पाय शिलाई मशीनच्या पायट्यावर थबकला.

रहिमतपुरावर सकाळपासून राखेच्या रंगाचं आभाळ ओठंगून होतं. लेक, बीबी, मांजरीसारखी टाचण्यांभोवती उकिडवी बसली.

"अम्मी, लोहचुंबक आणू? समद्या आपोआप चिकटत्यात."

"आण. पण मशीनच्या खणाजवळ न्यायचं न्हाई."

"का?"

"सांगितलं न्हवं एकदा."

हा नियम बीबीच्या जन्माआधीचा होता. ज्याच्यासाठी तो झाला, त्याचं नाव या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं.

तेव्हा अल्फिया सांगलीत होती. एस.टी. स्टँडामागं तिचे अब्बा लियाकतभाई सीट कव्हरं आणि पिशव्या शिवायचे, आणि अर्धं दुकान तिच्याच हातावर चालायचं. एका मळभट सकाळी दुकानाच्या पायरीशी एक उंच तरुण येऊन उभा राहिला. छातीशी काळी चकचकीत बॅग — तान्हं पोर धरावं तशी.

"बॅग शिवून हवी होती."

"हाय की चांगली हातात."

"तीच तर अडचण आहे. फारच चांगली दिसते. कराडच्या स्टँडवर दोघांनी हात घातला हिला."

"सोनं हाय का आत? विट्याचं सोनं गाळणारं दिसताय."

"सोनं बरं. गेलं तर पुन्हा घडवता येतं." तो हसला आणि त्यानं बॅग उघडली. पाटीएवढा पडदा असलेलं, मिटणारं यंत्र. "लॅपटॉप म्हणतात याला."

तो साताऱ्याचा दानिश. पाण्यावर काम करणाऱ्या एका संस्थेसाठी दुष्काळी गावांतल्या विहिरी मोजत फिरायचा. कुठल्या विहिरीचं पाणी कधी किती खाली गेलं, सगळं त्या यंत्रात होतं. त्यावरूनच ठरणार होतं कुठल्या गावाला तळं मिळणार, आणि दानिशची नोकरी टिकणार की नाही.

"यंत्र गेलं तर दुसरं येईल," तो म्हणाला, "दोन वर्षांचं पाणी नाही येणार."

अल्फियानं बॅगेकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. जरा जास्तच वेळ.

"चोर यंत्र बघत न्हाई, बॅग बघतो. सांगलीत हळदीचं बारदान कोण चोरंल?"

तिनं हळदीचं जुनं पोतं झटकून झटकून धुतलं. आतून स्पंज, त्यावर रेक्झिन, धुळीचा कण शिरू नये अशी दुहेरी शिवण. दानिशनं ते खांद्यावर टाकलं.

"कसा दिसतो?"

"आडत्याचा गडी."

"गड्याला चहा मिळेल?"

"आडत्याला विचारा..."

चहा मिळाला. पुढच्या आठवड्यातही मिळाला.

एकदा तो खिशातून काळ्या चौकोनी चकत्या काढून घुटमळला. "या फ्लॉप्या. यंत्रात आहे त्याची नक्कल. पण नक्कल माझ्याच खोलीत ठेवून काय उपयोग? ती दुसऱ्या घरी हवी. आणि सांगलीत मला दुसरं घर..." पुढचं त्याला जमेना.

अल्फियानं मशीनचा खण ओढला. "गिऱ्हाइकाची वस्तू आमच्यात हरवत न्हाई. न्यायला येस्तोवर ऱ्हाती."

"ऊन नको, धूळ नको. आणि लोहचुंबक तर जवळही नको. सगळं पुसून जातं."

टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक त्याच खणात होतं. तिनं ते उचलून समोरच्या भिंतीवर खिळ्याला लटकवलं. त्या दिवसापासून ती टाचण्या बोटांनीच वेचू लागली. दर आठवड्याला दानिश नवी नक्कल ठेवायचा, जुनी न्यायचा.

"बोटाला काय झालं?"

"टाचणी."

"लोहचुंबक वापरायचं ना."

"तुमचं पाणी पुसलं असतं मग..."

तो तिच्या चिंधी बांधलेल्या बोटाकडं बघत राहिला — आतून लियाकतभाई खोकले, तेव्हा कुठं भानावर आला.

आणि मग तो मोकळ्या खांद्यानं आला.

"अल्फिया... पोतं गेलं."

"चोरलं?"

"चोरानं नेलं असतं तर बरं वाटलं असतं. गाडीची चौकशी करायला गेलो, पोतं हळदीच्या पोत्यांशेजारी टेकवलं. हमालानं सगळ्यांबरोबर तेही ट्रकात टाकलं. ट्रक कुठल्या मुलखात गेला, कुणाला ठाऊक नाही." तो हसत होता आणि त्याचे डोळे भरले होते. "तू लई हुबेहूब शिवलंस."

पहिल्यांदाच त्यानं 'तू' म्हटलं... आणि तेही अशा वेळी.

"खणात सगळं आहे ना?" त्यानं विचारलं.

अल्फियाचा हात खणाच्या कडीवर गेला नि तिथंच राहिला. या चकत्या दिल्या की काम संपलं. नाही दिल्या तर त्याला साऱ्या विहिरी पुन्हा मोजाव्या लागतील... तो पुन्हा दर आठवड्याला येईल, चहा मागेल. लोहचुंबक समोरच लटकत होतं. नुसतं एकदा फिरवायचं. कुणाला कळलं असतं?

पण तो पायरीवर बसला होता, विहिरीत डोकावून बघावं तसा मान खाली घालून. तिनं खण उघडला.

दानिशनं चकत्या दोन्ही हातांत धरल्या. 

"अहवाल घेऊन दिल्लीला जावं लागेल मला. आलो की लियाकतचाचांना विचारतो."

"काय?"

"पोती शिवणारी कायमची मिळेल का."

"बाजारात पोती लय मिळत्यात."

"पोत्याचं नाही विचारलं मी."

तिनं मान खाली घातली, पण हसू काही लपलं नाही. जाताना त्यानं एक चकती पुन्हा खणात ठेवली. "ही असू दे. म्हणजे मला यावंच लागेल."

तो आला नाही. रमजान गेला, ईद गेली. साताऱ्याच्या गाडीतून उतरणारं प्रत्येक पोतं अल्फिया बघायची. माणदेशाकडं कुठंकुठं तळी खोदली म्हणून प्रवासी सांगायचे, म्हणजे कागद पोचले होते. माणूस खोटा नव्हता, एवढं तिला कळलं. पुढचं काहीच कळलं नाही. अब्बांची नजर अधू झाली, रहिमतपूरचं स्थळ आलं. नवरा भला होता, कधी वाकडा शब्द नाही. सासरी येताना तिनं फक्त मशीन मागून घेतलं.

बीबीनं टाचण्या गोळा केल्या होत्या. लोहचुंबक काट्यांच्या साळिंदरासारखं दिसत होतं. दुसऱ्या हातानं तिनं खण ओढला होता.

"अम्मी, हे काळं काय हाय?"

"गिऱ्हाइकाचं हाय. ऱ्हाऊ दे."

"न्यायला येस्तोवर ठेवायचं?"

"व्हय."

बीबीनं लोहचुंबक पाठीमागं लपवलं आणि दोन पावलं मागं सरकली. चकतीकडं पाहिलं, उघड्या दाराकडं पाहिलं, मग आईकडं.

"मग ह्येचं गिऱ्हाईक कवा येणार?"