मेणकागदातला काटा

"हा काटा वापरतं कोण?"

"मीच. का हो?"

काटेवाल्यानं मान वर केली. तोवर त्यानं नुसत्या काट्याकडेच पाहिलं होतं. बाजाराच्या टोकाला, जिन्याखाली त्याचं वजनकाटे दुरुस्तीचं एवढंसं दुकान. दोघं आत शिरली तर तिसऱ्यानं श्वास बाहेर ठेवून यावा, असं. तिला खरं म्हणजे पलीकडच्या मोठ्या दुकानात जायचं होतं. पण भर दुपारी धुळीचा लोट उठला आणि ती डोळे मिटून दिसेल त्या दारात घुसली. पुष्कळ गोष्टी अशा चुकीच्या दारातूनच सुरू होतात.

ती पीकमोजणीच्या कचेरीतली. सगळे तिला मोजणीबाई म्हणत. कचेरीनं चिठ्ठ्या टाकून शेतं निवडायची, मग मोजणीबाईनं तिथं जायचं, पाच मीटर लांब नि पाच मीटर रुंद दोरी लावायची, आतलं पीक कापायचं, तोलायचं आणि लिहायचं. असे गावोगावचे आकडे वर जायचे, वर कोणी तरी बेरीज करायचं, आणि देशात यंदा किती पिकलं ते पेपरात छापून यायचं.

काम झकास होतं. फक्त ते कोणी करत नव्हतं.

"वरून तपासणी आहे," ती म्हणाली. "काटा बरोबर आहे अशी पावती हवी."

"यंदा किती शेतं तोलली यावर?"

"चाळीस."

"चाळीस!" काटेवाल्यानं काट्याचा हूक उलटा केला. हुकाला कारखान्यातला मेणकागद तसाच गुंडाळलेला, वर दोऱ्याची गाठ... ती गाठ कोणी कधी सोडलेलीच नव्हती. त्यानं नखानं ती अलगद सोडली, कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. "मग दमला असेल बिचारा."

तिचे कान लालभडक झाले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्यानं मात्र वजनं लावली, तबकडी पाहिली, पावती फाडली. "इथं सही करा, मॅडम."

तिनं सही केली आणि धुळीतच बाहेर पडली.

तिथंच संपायला हवं होतं. पण चार दिवसांनी तिला वाटलं, काट्याच्या सुईचा खिळा सैल आहे. मग वाटलं, अडकवायचा पट्टा जुना आहे. मग काहीच वाटलं नाही, तरी ती गेली.

"आज काय बिघडलं?" काटेवाल्यानं विचारलं. त्याची बोटं काळी, तेलकट. पण छोटं वजन उचलताना अशी हळू, जणू झोपलेलं पाखरू उचलतोय.

"बिघडल्याशिवाय यायचं नाही का?"

"यायचं की... पण मग मी पावती कशाची फाडू?" त्यानं तिची पर्स उचलून हुकाला टांगली. "सव्वा किलो! काय भरता हो हिच्यात?"

"रुमाल."

"दगडाचा?"

ती हसली, नि हसता हसता तिची नजर त्याच्या नजरेत अडकली. सुई थरथरून थांबली होती, पर्स काढायचं मात्र दोघांनाही सुचत नव्हतं.

"हा काटा एकट्यानं नाही वापरता येत," तो हळूच म्हणाला. "एकानं बांबू धरायचा, दुसऱ्यानं आकडा वाचायचा. तुमच्याबरोबर कोण असतं?"

"असतं... कोणी ना कोणी," ती म्हणाली.

कोणी नसायचं. कचेरीतल्या साहेबांकडे माणसं दोन आणि शेतं ऐंशी. बसचे पैसे मागितले की साहेब छताकडे बघत. पहिल्या वर्षी तीच म्हणाली होती, "साहेब, मी चालत जाते." साहेब हसले होते. "अगं, कशाला पाय झिजवतेस? गेल्या वर्षीचा आकडा घे, वर चिमूटभर मीठ टाक. कोणाला चव कळतेय?" तिनं तसं केलं. एकदा केलं की दुसऱ्यांदा हात कापत नाही. तिसऱ्यांदा तर अक्षरही छान येतं.

दोन आठवडे असे गेले. एके दिवशी काटेवाल्यानं तिच्यासाठी चहा मागवला आणि स्वतःच्या कपातली साय तिच्या कपात टाकली. मग बराच वेळ तो एकच वजन पुसत बसला.

"एक सांगू? माझ्या आईचं शेत निघालंय तुमच्या चिठ्ठीत. मका आहे. कचेरीचा कागद आला, 'आमचा माणूस येऊन मोजेपर्यंत पीक कापू नये.' आईनं तो कागद देवाच्या फोटोशेजारी लावलाय. आसपासचा मका कापून घरात गेला, आमचा उभा आहे. रोज अंगण झाडून बसते. म्हणते, सरकारचं माणूस येणार, देशाच्या बेरजेत माझा मका जाणार..."

"कधीपासून?"

"महिना झाला."

"शेत... कुठलं?"

त्यानं सांगितलं. तिनं कप खाली ठेवला. घोटभरही प्यायली नव्हती.

कचेरीत येऊन तिनं वही काढली. तेच शेत. तिचंच अक्षर, टपोरं, देखणं. 'अकरा किलो चारशे ग्रॅम.' शेवटच्या रकान्यात, शेऱ्यात, 'काही नाही.' कागद पाठवणारी तीच. कापू नका म्हणणारी तीच. आणि ज्या दिवशी जायचं, त्या दिवशी पंख्याखाली बसून अकरा किलो चारशे लिहिणारीही तीच. खोटा आकडा लिहिला, हे तिला आजवर टोचलं नव्हतं. आकड्याला कुठं डोळे असतात! पण म्हातारी रोज अंगण झाडते...

"साहेब, मला ही नोंद खोडायची आहे."

"एक खोडलीस तर बाकीच्या एकोणचाळीसांचं काय सांगशील?" साहेबांनी चष्मा काढला. "तपासणी परवा आहे, पोरी. तुझी नोकरी जाईल, आणि माझीही अब्रू."

"ती आहे का, साहेब?"

साहेबांनी चष्मा परत घातला. पण पुसायचा राहून गेला.

सकाळी ती दुकानाच्या दारात उभी. खांद्याला काटा, हातात दोरी. "दुकान बंद करा. मला तुमच्या आईकडे न्या."

काटेवाल्यानं दाराला कुलूप लावलं. मोटारसायकलवर ती मागं बसली, दोघांच्या मध्ये काटा. वाटेत उगाचच भुरभुर पाऊस आला, तिचे केस गालाला चिकटले. एरवी अशा पावसात तिनं गाणं म्हटलं असतं. आज तिला वाटत होतं, हा रस्ता संपूच नये. आणि संपलाच, तर तिथं कोणी घरी नसावं.

आई घरीच होती. नवाकोरा झाडू हातात.

"आलीस का, बाई! ये, ये. मला वाटलं, सरकार मेलं की काय!"

"आई," मोजणीबाई म्हणाली. "मी येणार नव्हते. मी महिन्यापूर्वीच... बसल्या जागी लिहून टाकलं. तुमच्या शेतात मी पाऊल ठेवलं नाही. कोणाच्याच नाही."

आईनं झाडू खाली ठेवला. तिला शेतावर नेलं. ताटं आडवी झाली होती, पाखरांनी कणसं कोरली होती, उरलेल्यांवर काळी बुरशी. पायाखाली कुजका वास.

"किती लिहिलंस?"

"अकरा किलो चारशे."

"तेवढाच होता गं." आई वाकून एक कणीस सोलू लागली. आत दोन ओळी दाणे. "वेळेवर कापला असता तर तुझं खोटंही खरं झालं असतं. मी थांबले म्हणून गेला. तू कागदावर लिहिलंस, मी कागदाला मानलं. खुळी मीच!"

हे असं बोलण्यापेक्षा म्हातारीनं थोबाडीत मारली असती तर बरं. मोजणीबाई मातीतच बसली. तोंड ओंजळीत.

"आई, तिला एकटीला नको बोलूस," काटेवाला म्हणाला. तो लांब उभा होता, मान खाली. "मला दोन आठवडे माहीत होतं. पावतीवर हिनं सही केली, तीच सही तुझ्या कागदावर. हुकाचा कागदही सोडलेला नव्हता. मी विचारलं नाही... विचारलं असतं तर ही पुन्हा दुकानात चहाला आली नसती. तुला म्हणत राहिलो, उद्या येतील, परवा येतील."

आईनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग मक्याकडे. "म्हणजे माझा मका तुमच्या चहापायी गेला?"

दोघांनाही वर बघवेना.

"मेल्यांनो, रडून काय दाणे भरणार आहेत? आता आलाच आहात तर तोला. आणि जे आहे तेच लिहा. मीठ नको, साखर नको."

दोरी लावली. जे होतं ते कापलं. काटेवाल्यानं बांबू खांद्यावर घेतला. हुकावर पहिल्यांदाच पोतं चढलं, सुई हलली, थांबली.

"दोन किलो शंभर," तिनं वाचलं. जुना आकडा खोडला, नवा लिहिला. मग शेऱ्याचा रकाना. बराच वेळ पेन तिथं टेकलेलं राहिलं. तिनं लिहिलं, 'मी वेळेवर गेले नाही.' खाली सही.

आई उरलेली कणसं पदरात वेचत घराकडे निघून गेली. हाक मारली नाही, चहाचंही विचारलं नाही.

"तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," ती म्हणाली. "तरी मला बसायला जागा दिलीत. का?"

"खोटं बोलताना तुमचे कान लाल झाले. निर्ढावलेल्याचे होत नाहीत." त्यानं काट्याच्या सुईकडे पाहिलं. "पण मी तोलून पाहायला हवं होतं. तो तर माझा धंदाच."

ती दोरी गुंडाळत राहिली. "उद्या तपासणी. त्यांना हेच दाखवणार. नोकरी राहिली तर, नाही राहिली तरी, एकोणचाळीस अंगणं बाकी आहेत. कोणी तरी झाडून बसलं असेल."

"एकोणचाळीस ठिकाणी शिव्या खायच्या?"

"खायच्याच."

काटेवाल्यानं बांबू खांद्यावरून काढला नाही. नुसता तिच्या बाजूला सरकवला, तिला दुसरं टोक धरता यावं म्हणून.

"एकटीला नाही जमणार," तो म्हणाला. "बांबूला कोणी तरी लागतं..."

तिनं टोक धरलं. मान मात्र खालीच होती, पण कान... कान या वेळी वेगळ्याच कारणानं लाल झाले होते, आणि ते त्याला न तोलताच कळलं.