घड्याळवाल्या आजोबांच्या बारा फेऱ्या

"अकरा!" ठमीने पायरीवर खडूने आणखी एक रेघ ओढली.

"आणि अजून बारासुद्धा वाजले नाहीत!" बोका कुजबुजला. "मागच्या अंगणात नक्की काहीतरी लपवलंय!"

सुट्टीसाठी ठमीला मामाकडे पाठवलं होतं. मामा दिवसभर आपल्या औषधांच्या दुकानात, मामी शिवणकामात. ठमीशी बोलायला कुणालाच सवड नव्हती. मामीने सुई आणायला सांगितली तरी ती धावत सुटायची. तेवढंच कुणीतरी बोललं! शेजारचा मुलगा बोका आणि त्याची बहीण चिंगी, एवढाच काय तो आधार.

समोर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. घड्याळवाले आजोबा एकटेच राहायचे. चार दिवसांपासून ते सारखे 'पाच मिनिटांत येतो' अशी पाटी अडकवून मागे जायला लागले होते.

बाराव्या फेरीला तिघं दबकत मागोमाग गेली. आजोबा शिरले ते थेट संडासात!

"हाच का तुझा खजिना?" चिंगी तोंड दाबून हसली.

पण बाहेर येताना आजोबांचा तोल गेला. त्यांनी भिंत धरली. ओठ सुकून गेले होते. मुलांनी त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं. टेबलावर गोळ्यांची पट्टी होती आणि एक बाटली.

"हा तर आईचा काढा!" बोका म्हणाला. "आजोबांचे पाय सुजलेत ना, म्हणून ती गोखरू आणि पुनर्नवा उकळून रोज आणून देते. लघवीवाटे सूज उतरते म्हणे."

चिंगी आजोबांपाशी थांबली. बाकीची दोघं गोळ्या नि बाटली घेऊन मामाकडे पळाली.

"नंतर! गर्दी दिसत नाही का?" मामाने मानही वर केली नाही.

ठमी तडक मागे फिरली, आजोबांची पाटी उचलून आणली आणि मामाच्याच दारावर अडकवली! बाहेरची गिऱ्हाइकं परत फिरू लागली.

"कुणाचा हा वात्रटपणा?" मामा तणतणत बाहेर आला.

"माझा! आता पाचच मिनिटं ऐक!"

मामाने पट्टी वाचली, काढा हुंगला आणि त्याचा चेहराच बदलला. "अगं, ही गोळीही लघवी वाढवणारीच! ती मूत्रपिंडांना मीठ बाहेर टाकायला लावते, आणि मिठाच्या मागून पाणी जातं. या वनस्पतींमधल्या घटकांनीही लघवी वाढते. दोन्ही एकदम घेतलं तर अंगातलं पाणी आटणार नाही का? चला!"

मामाने बोलावल्यावर डॉक्टरबाई आल्या. रक्तदाब मोजला, काढा बंद केला. "वेळेवर बोलावलंत. शाबास, पोरांनो!"

"झाडपाल्याने काय होतंय, असं वाटलं मला," धावत आलेली बोक्याची आई रडवेली झाली. "पण गोळ्या घेताय, हे तुम्ही बोलला का नाहीत?"

आजोबा पुटपुटले, "बोललो असतो तर काढा थांबला असता. तो द्यायला तू यायचीस, दहा मिनिटं बसायचीस. एरवी कोण बसतं, बाई? घड्याळं देतात आणि जातात."

ठमी आजोबांच्या खुर्चीला खेटून बसली.

"वेडे आहात!" बोक्याची आई डोळे पुसत म्हणाली. "मी रिकाम्या हातानेही आले असते की!"

मामा ठमीकडे बघतच राहिला. "डोकं तेज आहे हं पोरीचं! उद्यापासून दुकानात बसतेस माझ्याजवळ?"

"सकाळी बसेन," ठमी म्हणाली. "दुपारी मी आजोबांकडे असेन."