तांबू का उकरतो

तांबूने कर्दळीचा वाफा पुन्हा उकरला. निशिकांत गुरव खराटा घेऊन बाहेर आले आणि त्यांनी त्याला बराच वेळ झापलं. कुत्रा शेपूट हलवत ऐकत राहिला.

पत्नी गेल्यापासून बार्शीच्या त्या घरात गुरव आणि तांबू, दोघंच. अखेर पशुवैद्य डॉ. रेहाना मुलाणींनी तांबूला मनपट्टी बांधली. कुत्र्याच्या मेंदूतले बारीक विद्युतसंदेश ती कातडीवरूनच टिपायची. तो कोणत्या ऊर्मीने काय करतो, ते फोनवर दिसायचं. ती ऊर्मी मंद करण्याची, म्हणजे शमनाची, सोयही तिच्यात होती.

"उकरण्याची कारणं पुष्कळ असतात, काका," डॉक्टर म्हणाल्या. "उकाडा, घुशीचा वास, नाहीतर नुसता कंटाळा. थोडे दिवस पट्टीला नुसतं बघू द्या."

गुरवांनी थोडे दिवस कसेबसे काढले. मग निशिगंधाचे कंद उपटलेले दिसले आणि त्यांनी शमन चालू केलं.

उकरणं थांबलं. तांबू पायरीवर पडून राहू लागला. फाटक वाजलं तरी मान वर करेना. एका सकाळी दूधवाल्याने काहीतरी विचारलं. उत्तर द्यायला गेले तर गुरवांचा आवाजच फुटेना. आपण शेवटचं कधी बोललो, हेही त्यांना आठवेना. ते तांबूला घेऊन तडक दवाखान्यात गेले.

डॉक्टरांनी पहिल्या दिवसांचे आलेख उघडले. "उकाडा नाही, घूसही नाही. घरात फार वेळ आवाज नसला की याची बेचैनी चढत जाते. मग हा उकरतो. तुम्ही येऊन ओरडलात की ती उतरते."

"माझं रागावणं आवडतं त्याला?"

"तुमचं येणं आवडतं. त्याच्याबरोबर फिरा, बोला. उकरणं आपोआप कमी होईल."

घरी येऊन गुरवांनी शमन बंद केलं आणि ते पायरीवर टेकले. काय बोलावं ते सुचेना, म्हणून आमटीत मीठ जास्त पडल्याचं सांगितलं. हळूहळू तांबू उठला आणि त्यांच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसला.

संध्याकाळी त्यांनी कॅनडातल्या लेकीला, मृण्मयीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"बाबा, माणसांसाठीही निघालीय ती पट्टी," ती म्हणाली. "एकटं वाटेनासं होतं म्हणे. तुमच्यासाठी मागवू का?"

गुरवांनी शेजारी बसलेल्या तांबूच्या पाठीवरून हात फिरवला.

"मागव," ते म्हणाले. "पण मग तुला फोन करावासा मला कशाला वाटेल, बाळा?"