टेपचं दुसरं टोक

रस्त्याच्या मधोमध गुडघे टेकून बसलेला माणूस दिसला आणि गाडी शिकणाऱ्या शिंपीण मावशींनी घाबरून नेमकं नको तेच पेडल दाबलं. गाडीने टुणकन उडी मारली. शेजारच्या सीटवरून ब्रेकबाईने आपल्या पायाखालचा जादा ब्रेक करकचून दाबला म्हणून बरं, नाहीतर त्या माणसाचं काही खरं नव्हतं!

ब्रेकबाई हे नाव शिकाऊ मंडळींनी ठेवलेलं. अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची नजर अधू झाल्यापासून त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल ती एकटीच चालवत होती. चाळीसची पाटी असली की चाळीस म्हणजे चाळीस, काटा केसभरही पुढे जाता कामा नये, असा तिचा खाक्या होता.

"मरायचंय का?" ती खाली उतरून कडाडली.

"नाही... मोजायचंय," तो माणूस उठत म्हणाला. हातात लांबलचक टेप होती. "आणि तुमचं चाक माझ्या दगडावर आलंय."

टेपचं दुसरं टोक खरंच एका दगडाखाली होतं आणि दगड चाकाखाली. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"कसलं मोजमाप?"

त्याने वर खांबाकडे बोट दाखवलं. वेग पकडणारा नवा कॅमेरा! रस्त्यात दोन तारा पुरलेल्या असतात, एकीवरून दुसरीवर जायला गाडीला किती वेळ लागला त्यावरून यंत्र वेग काढतं. तारांत बरोबर दोन मीटर अंतर हवं. ते टेपने मोजायचं, कागदावर सही करायची, मगच कॅमेरा सुरू.

"आणि हे एकट्याने?"

"दुसरं टोक धरायला माणूस मागितला होता. ऑफिसने सांगितलं, दगड घ्या."

आता मात्र ती हसलीच. शिकवणीच्या वेळेत ब्रेकबाई हसली हे मावशींनी पहिल्यांदाच पाहिलं.

मावशी अजून स्टिअरिंग घट्ट धरून बसल्या होत्या. याच उतारावर दोन वर्षांपूर्वी एका भरधाव गाडीने त्यांचा पाय मोडला होता. कॅमेरेवाल्याने धावत जाऊन कोपऱ्यावरच्या टपरीतून तीन चहा आणले. "साखर जास्त घातलीय. घाबरल्यावर बरी असते," तो म्हणाला. म्हणाला मावशींना, पण बघत होता तिच्याकडे... तिने कप तोंडाशी नेला आणि तो रिकामा झाल्यावरही बराच वेळ तिथेच धरून ठेवला. तेवढ्यात मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. त्याने घाईघाईने टेप गुंडाळली आणि खिशात टाकली.

मग रोजचंच झालं. सकाळी साडेसातला तिची गाडी उतारावरून जायची आणि तो कॅमेऱ्याच्या पेटीपाशी उभा असायचा. "किती?" तो हातानेच विचारायचा. ती खिडकीतून चार बोटं दाखवायची. चाळीस!

"बाई, एक बोट कमी दाखवलंत तरी त्याला चालेल हो," मावशी म्हणायच्या.

"तुम्ही पुढे बघा, मावशी!" पण कान लाल व्हायचे ते व्हायचेच.

आणि मग एका सोमवारी तीन नोटिसा आल्या. एकदम तीन! जागा, तो उतार. वेग, त्रेपन्न. शिकाऊ माणूस चालवत असला तरी दोष शिकवणाऱ्याचा, असा नियम. आणि तीन नोटिसा झाल्या की लायसन्स सहा महिने बंद. सहा महिने! म्हणजे स्कूलला कुलूपच. सुनावणी शुक्रवारी होती.

"तीस वर्षांत मला एक नोटीस नाही," अण्णा अंधुक डोळ्यांपुढे कागद धरून म्हणाले. "तू चुकलीस का गं?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं. अण्णांनी विचारलं आणि ती त्यांच्या हातातला कागद ओढून घेऊन आत निघून गेली.

अर्ध्या शहराला अशाच नोटिसा आल्या होत्या. सलूनमध्ये, बँकेच्या रांगेत, जिथे तिथे एकच वाद. कॅमेरे हवेत की उपटून फेकावेत? तीन दिवस ती मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने गेली. गुरुवारी राहवेना. टपरीपाशी गाडी थांबवून तिने तिन्ही कागद कॅमेरेवाल्यापुढे धरले.

"हे तुमच्या यंत्राचे प्रताप."

"यंत्र खोटं बोलत नाही हो..." तो सवयीने म्हणाला.

"म्हणजे मी खोटी! रोज चार बोटं दाखवत होते ती खोटी!"

"तसं नाही..." त्याची नजर कागदांवर गेली. एक, दोन, तीन. "तिन्हींवर त्रेपन्न?" त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो काहीतरी बोलायला गेला आणि गप्प झाला.

"गप्प का? बोला ना!"

तो कॅमेऱ्याच्या पेटीकडे बघत राहिला. ती गाडीत बसली आणि दार असं आपटलं की टपरीवाला दचकला. नको तिथे जीव लावला, पुढच्या सिग्नलपर्यंत ती हेच घोकत होती. डोळे पुसायला मात्र सिग्नल लाल व्हावा लागला.

शुक्रवारी सुनावणीची खोली खच्चून भरली होती. "कॅमेरा हटवा!" मागून कुणीतरी ओरडलं. "तुमचे पाय शाबूत आहेत म्हणून ओरडताय," शिंपीण मावशींनी तिथल्या तिथे सुनावलं. टेबलामागे साहेब, बाजूच्या खुर्चीत कॅमेरेवाला. त्याने एकदाही मान वर केली नाही.

"तारांची तपासणी झाल्याचा कागद आहे," साहेब म्हणाले. "यांची सही आहे. बाई, विषय संपला. लायसन्स ठेवा इथे."

तिने पर्स उघडली. लायसन्स निघता निघेना.

"साहेब, थांबा."

तो उभा राहिला होता.

"सही माझी आहे. पण मी मोजलं नव्हतं."

मागच्या रांगेतली माणसं उठून उभी राहिली.

"मोजलं नव्हतं म्हणजे?" साहेबांचा आवाज चढला. "कळतंय ना काय बोलताय? नोकरीवर येईल."

"कळतंय. त्या सकाळी टेप लावली, तेवढ्यात एक गाडी आली. गाडीतून... या उतरल्या. आम्ही चहा घेतला. मग मी टेप गुंडाळली, आणि संध्याकाळी कागद समोर आला तेव्हा मोजलंय असंच वाटलं. त्या दिवसाचं मला दुसरं काही आठवतच नव्हतं, साहेब. फक्त या आठवत होत्या." त्याने टेबलावरचा आपल्या सहीचा कागद पुढे ओढला. "काल तिन्ही आकडे सारखे दिसले तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तेव्हाच सांगायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

मागे कुणीतरी हसलं. मावशींनी वळून असं बघितलं की तो गप्पच झाला.

साहेबांनी चष्मा काढला. "चला उतारावर. सगळ्यांसमोर मोजा."

रस्ता अडवला. शंभर माणसं फुटपाथवर दाटली. तो गुडघ्यांवर बसला, टेप काढली आणि इकडे तिकडे दगड शोधायला लागला.

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिने खाली बसून टेपचं टोक पहिल्या तारेवर घट्ट दाबून धरलं. पलीकडे तो दुसऱ्या तारेपर्यंत गेला आणि वाकला. आकडा फक्त त्यालाच दिसत होता. दोन मीटर म्हणाला की नोकरी वाचली. त्याने बोटाने टेपवरची धूळ पुसली.

"एक मीटर पन्नास," त्याने मोठ्याने वाचलं. "अर्धा मीटर कमी. चाळीसने गेलेली गाडी यंत्राला त्रेपन्न दिसते. या खऱ्या आहेत, साहेब. रोज खऱ्याच होत्या."

एकच गलका झाला. "उपटा कॅमेरा! उपटा!"

"खबरदार!" ती उभी राहिली. मावशी नेहमी म्हणायच्या, बाईचा आवाज ब्रेकपेक्षा लवकर लागतो. गलका थांबला. "काटा चुकला म्हणून तराजू कुणी फेकून देतं का? तारा नीट पुरा, मी स्वतः दुसरं टोक धरते. पण कॅमेरा राहील. या मावशींना विचारा का ते."

नोटिसा रद्द झाल्या, तिच्याही आणि शहराच्याही. तारा पुन्हा पुरायचं ठरलं. त्याला तीन महिने कामावरून घरी बसवलं.

गर्दी पांगल्यावर तो टेप हातात घेऊन तसाच उभा राहिला.

"माझ्यामुळे नोकरीवर आलं तुमच्या," ती म्हणाली.

"तुमच्यामुळे नाही. चूक माझी. तुम्ही फक्त... चुकण्याचं कारण." तो ओशाळून हसला. "मला आवडता तुम्ही. हे अख्ख्या ऑफिससमोर सांगून झालं, तुम्हालाच तेवढं सांगायचं राहिलं होतं."

मावशी दोन पावलं पुढे सरकून उगाच रस्त्याकडे बघायला लागल्या.

"तीन महिने काय करणार?" तिने शेवटी विचारलं.

"गाडी शिकेन म्हणतो."

"काय? लोकांचे वेग पकडता आणि गाडी येत नाही?"

"सायकलवाला आहे मी. शिकवाल?"

"उद्या सकाळी सात. एक मिनिट उशीर चालणार नाही. आधी घरी येऊन अण्णांना भेटायचं, मी चुकले नव्हते हे तुझ्या तोंडून ऐकायचंय त्यांना." ती गाडीकडे वळली.

"तुझ्या?" तो मागून म्हणाला. "आत्तापर्यंत 'तुम्ही' होतो."

तिने वळून बघितलं नाही. खिडकीतून फक्त हात बाहेर काढला आणि चार बोटं दाखवली. गाडी उतारावरून निघाली, बरोबर चाळीसने.