चारशे सतरावी नोंद मंगळावर

गौतमी, तू आता फक्त ऐक. मधे "मग काय झालं" पण म्हणू नकोस, मी सांगतेच आहे.

आधी कोडं सांगते. एका माणसानं एकतीस वर्षं लिहून लिहून नऊशे नोंदी केल्या. त्यातली एक नोंद जवळजवळ सगळी चुकीची. अडतीस ओळींतल्या एकोणतीस ओळी चूक! आणि लोक सगळ्यात जास्त वाचतात ती हीच. का? हा हा, घाई नको. मला पण गुरुवारी दुपारी सव्वाचारपर्यंत कळलं नव्हतं.

तो माणूस म्हणजे आमचे अप्पा. माझे आजोबा गं. तुला ते नुसते केळीच्या बागेत काठी टेकत फिरताना दिसतात, पण 'थेंब' त्यांनी लिहिलंय. थेंब म्हणजे ठिबकचं सॉफ्टवेअर (यंत्रानं काय करायचं, कधी आणि किती, याच्या लेखी सूचना). कुठल्या झाडाला किती पाणी द्यायचं ते थेंब ठरवतं. आणि ते बनवताना काय काय झालं ते अप्पा ब्लॉगवर लिहीत गेले. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची उघडी वही, जी कुणीही येऊन वाचावी आणि खाली आपलं म्हणणं लिहावं. अप्पांचा एकच नियम. लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर खाली तारीख टाकून लिहायचं, "मी चुकलो."

आता थेंब कुठे वापरतात माहितीये? मंगळावर! खरंच! तिथल्या माणसांच्या तळावर जी काचेची बाग आहे ना, तिथे. पाणी इतकं कमी की कंजूसपणानं पाणी देणारं सॉफ्टवेअर हवं होतं. आणि कंजूसपणात आपला चोपडा तालुका कुणाला ऐकतो का? तिथली बाग बघते ती देवयानी ताई. ती पण आपल्या जळगावकडची.

तर झालं असं, की तळावरचा माहिती साठवायचा डबा गेल्या महिन्यात बिघडला आणि अप्पांच्या ब्लॉगची प्रत गेली. एरवी काय, परत मागवली असती. पण आता मंगळ सूर्यामागे जाणार होता!

म्हणजे काय ते मलाही नव्हतं कळलं. अप्पा म्हणाले, "हेमू, मधे होळी पेटलीय असं समज. अलीकडे तू, पलीकडे गौतमी. तिनं हात हलवला तर दिसेल तुला?"

"नाही. जाळ मधे."

"सूर्य तसाच. त्यातून सतत तापलेले, वीज भरलेले कण बाहेर उधळत असतात. रेडिओलहरी (आपले निरोप वाहून नेणाऱ्या न दिसणाऱ्या लाटा) त्यात विस्कटतात. निरोप पोचतो तो तुटकामुटका. म्हणून दर सव्वीस महिन्यांनी दोनेक आठवडे बोलणंच बंद."

या वेळी सोळा दिवस. सोळा दिवस तिथे नुकतीच उगवलेली टोमॅटोची रोपं, आणि काही अडलं तर विचारायला कुणी नाही. म्हणून गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता शेवटचं पार्सल निघणार होतं, म्हणजे माहितीचं पार्सल. त्यात औषधांच्या याद्या, यानाचे नकाशे, सगळ्यांचंच सामान. अप्पांच्या वाट्याला जागा आली दोनशे नोंदींची. नऊशेमधून दोनशे!

अप्पांचे डोळे आता दमतात, म्हणून निवडायचं काम माझ्याकडे. मदतीला ठोकळ्या. आमचा घरचा रोबो गं, पत्र्याच्या डब्याएवढा, तुझ्या अंगावर ज्यानं ताक सांडलं होतं तो.

ठोकळ्यानं अकरा सेकंदांत सगळा ब्लॉग वाचला आणि म्हणाला, "नोंद चारशे सतरा काढावी. बहुतांश चुकीची आहे. तेच उत्तर नोंद चारशे तेवीसमध्ये बरोबर आणि सात ओळींत आहे."

मी चारशे सतरा उघडली. एकोणीस वर्षांपूर्वीची. पडद्यावर दिसत होतं 'माती ओली', आणि अप्पांचे जुने दोस्त सुपडूकाका, त्यांची केळी मात्र माना टाकत होती. मग अप्पांनी पंपाला दोष दिला. मग गाळणीला. मग चक्क सुपडूकाकांना! "सुपडूनं कुणालाही न विचारता कॉक बंद केला असणार. शेतकऱ्यांच्या हाती कॉक ठेवू नका, कुलूप लावा." असं सगळ्या जगासमोर लिहून टाकलं. आणि चौथ्या दिवशी खाली तारीख टाकून: "मी चुकलो. आज मातीत बोट घालून पाहिलं. कोरडी ठणठणीत. सेन्सरची (मातीतला ओलावा मोजणाऱ्या खुंटीची) तार उंदरानं कुरतडली होती. खुंटी मुकी झाली आणि माझं थेंब शेवटचा आकडाच खरा धरून बसलं. माहिती नसणं आणि माती ओली असणं यातला फरक मी त्याला शिकवलाच नव्हता. सुपडूची तीन एकर बाग माझ्यामुळे गेली. सुपडू, माफ कर."

अप्पा मागेच उभे होते.

"ती नको पाठवू," ते म्हणाले.

"पण तुम्ही तर म्हणता पुसायचं नाही!"

"पुसत नाहीये. पाठवत नाहीये. गावात सगळ्यांना ठाऊक आहे ते ठीक. तिथे मोठमोठे लोक आहेत. जिवाभावाच्या माणसावर आळ घेतला मी, तो मंगळावर कशाला?"

मला काय, बरंच वाटलं. ठोकळ्याही तेच म्हणत होता. काढली. दोनशे नोंदी लावून झाल्या आणि साडेतीनला सहज म्हणून देवयानी ताईला निरोप धाडला, की तुम्ही लोक सगळ्यात जास्त काय वाचता? मंगळ इतका लांब होता की निरोप जायला एकवीस मिनिटं आणि यायला एकवीस. तोवर मी केळीच्या वेफरची आख्खी पिशवी संपवली.

सव्वाचारला उत्तर आलं. ती बोलत होती भराभर:

"हेमांगी, चारशे सतरा! ती आहे ना यादीत? अगं, पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या कामावर जातेय आणि बागेत नवीन मुलगी येतेय, फिओना. तिची रोपं सुकली तर ती काय शोधेल? 'सेन्सर मुका झाल्यास काय करावे' असं नाही शोधणार, कारण सेन्सर मुका झालाय हेच तिला माहीत नसेल. माहीत असतं तर अडलंच कशाला असतं? ती शोधेल, 'पडद्यावर ओलं, पण पानं सुकली.' हे वाक्य अख्ख्या ब्लॉगमध्ये एकाच ठिकाणी आहे. चारशे तेवीसमध्ये नुसतं उत्तर आहे, तेही एकाच कारणाचं. आमच्याकडे कधी खुंटीवर मीठ धरतं, कधी मातीत पोकळी होते. कारण दर वेळी वेगळं. पण शोधायचं कसं, ते चारशे सतरात आहे. कुठे कुठे पाहिलं, कुठे फसलो, शेवटी बोट घातलं. आणि अजून एक. हा माणूस चुकला की सांगतो, म्हणून तो 'आता खात्री आहे' म्हणतो तेव्हा आम्ही निर्धास्त झोपतो. तुझ्या आजोबांना नमस्कार सांग. आम्ही त्यांना कधी भेटलो नाही, पण त्यांची एकतीस वर्षं ओळखतो गं!"

कळलं कोडं? बरोबर उत्तर त्यालाच सापडतं ज्याला आपली चूक आधीच कळलीय. अडलेल्या माणसाला आपल्यासारखाच अडलेला कुणीतरी सापडावा लागतो. मग तो बोट धरून पुढे नेतो.

मी निरोप अप्पांना ऐकवला. त्यांनी तो दोनदा लावायला सांगितला. मग चष्मा काढून पुसत बसले.

"पाठवू ना?"

"मला विचारू नकोस. नाव सुपडूचं खराब झालं होतं. सुपडूला विचार."

मी सायकल काढली. पाच वाजत आलेले! सुपडूकाका खळ्यावर पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) पेटवून भरताची वांगी भाजत होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं. ते वांगं फिरवत म्हणाले, "तुझा आजा येडा आहे."

"म्हणजे नको पाठवू?"

"अगं, एकोणीस वर्षांत त्यानं माझी माफी एकदाच मागितली, तीही लेखी. तेवढी एकच पावती आहे माझ्याकडे. ती मंगळावर जात असेल तर थांबवतेस कशाला? आणि त्याखाली मी काय लिहिलंय, वाचलंस का?"

"खालचं? नाही."

"वाच की मग! वरचं वाचून पळत सुटली."

मी तिथेच मोबाईलवर उघडलं. खाली काकांनी लिहिलं होतं: "माफ केलं. पण उंदीर फक्त उत्तरेच्या बांधाकडच्या तारा खातात, तिथे जुनं बीळ आहे. तार जमिनीवरून न नेता काठीवरून ने. आणि संध्याकाळी जेवायला ये, भरीत आहे." त्याच्याखाली केरळचा कुणीतरी, मग केनियातली एक बाई, मग अजून कोण कोण. प्रत्येकाची बाग, प्रत्येकाची चूक, प्रत्येकाची युक्ती. मला वाटलं होतं ब्लॉग अप्पांनी लिहिलाय. अर्धा तर वाचणाऱ्यांनी लिहिला होता!

"हे सगळं जाऊ दे," काका म्हणाले, "नुसतं त्याचं रडगाणं पाठवू नको."

घरी आले तेव्हा साडेपाच. ठोकळ्यानं मोजलं आणि म्हणाला, "नोंद चारशे सतरा खालच्या मजकुरासकट आणि चित्रांसकट बसत नाही. एक मोठी नोंद काढावी लागेल. सुचवतो, नोंद पाचशे अठ्ठ्याऐंशी. तिच्यात कामाची ओळ एकच आहे."

गौतमी, पाचशे अठ्ठ्याऐंशी म्हणजे मी! माझ्या जन्माच्या दिवसाची नोंद. अप्पा तेव्हा पंपाच्या आवाजावरून बिघाड ओळखायचं काहीतरी करत होते. पंपाचा आवाज भरत होते आणि तेवढ्यात घरात मी जन्मले. त्या आवाजात पंपाची घरघर आणि मागे माझं पहिलं रडणं आहे. खाली एकच ओळ, "आजची चाचणी वाया गेली. नात झाली. इतकी चांगली वाया गेलेली चाचणी आयुष्यात नाही." मी ती यादीत सगळ्यात वर टाकली होती. हो, टाकली होती, हसू नकोस! मंगळावर माझं रडणं वाजणार होतं!

"दुसरी कुठली काढली तर?" मी विचारलं.

"बाकी सर्व नोंदी रोपांना उपयोगी आहेत," ठोकळ्या म्हणाला. त्याला ना, जरा म्हणून मन राखता येत नाही.

अप्पा म्हणाले, "माझी कुठलीतरी काढ गं. शंभर आहेत."

पण कुठली? पाण्याच्या दाबाची? बुरशीची? फिओनाला नेमकी तीच लागली तर? मी वर खाली, वर खाली करत बसले. पावणेसहा झाले. पाच कमी सहा झाले.

मग मी मला काढलं.

अप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "चारशे सतराच्या खाली अजून एक ओळ टाक. आजची तारीख घाल. लिही: हे वाचणाऱ्यानं आधी तार बघावी, मग माणसाला बोलावं."

मी लिहिलं. सहा वाजता पार्सल सुटलं. एकवीस मिनिटांनी पोचलं असणार. "मिळालं" असं त्यांनी म्हटलं असेल तर ते आमच्यापर्यंत आलं नाही, नुसती खरखर आली. होळीचा जाळ मधे आला होता.

आज सातवा दिवस. अजून नऊ. नऊ दिवसांनी मंगळ पलीकडून बाहेर येईल आणि पहिला निरोप काय येईल ते बघायचंय मला. रोपांना फुलं आली असतील, बघ. किंवा फिओनानं चारशे सतराच्या खाली आपली चूक लिहिली असेल, आणि मग तीही आपल्यातलीच झाली.

पण खरं सांग हं गौतमी, मला बरं वाटावं म्हणून नको सांगू. पाच कमी सहा वाजलेत, जागा एकाचीच आहे, आणि तुझ्या आजोबांनी तुझं पहिलं रडणं जपून ठेवलंय. तू काय काढलं असतंस?