सत्त्याण्णव खुणांची सवत

प्रत्यारोपण संस्थेच्या प्रयोगशाळेत पडद्यावर सत्त्याण्णव हा आकडा उमटला, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. विभागप्रमुख डॉ. चारुशीला मोघे हिनेही वाजवल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबवल्या.

हा जुळणी-अंक होता. पेशींवरच्या शंभर ओळखखुणा तपासायच्या. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या जितक्या जुळतील, तितका अंक. घेणारा होता श्रीकर, तिचा नवरा. देणारी होती अपघातात गेलेली कुणी एक बाई. चारुशीलाने स्वतःची किडनी देऊ केली होती, तेव्हा अंक आला होता चौदा. पंचवीस वर्षांचा संसार, दोन मुली, आणि चौदा.

"एकच अडचण आहे," शल्यविशारद डॉ. थॉमस डाबरे श्रीकरला म्हणाले. "या बाईंना अकरा वर्षांपूर्वी कर्करोग झाला होता. पाठीवरच्या तिळातून. पूर्ण बरा झाला, पण त्याची एखादी पेशी किडनीत झोपून राहिलेली असू शकते."

"मग अशी किडनी घ्यायचीच कशाला?" श्रीकरने विचारलं.

"कारण चांगल्या किडनीची वाट बघत रांगेत माणसं मरतात. शिवाय ती पेशी जागी झालीच, तरी ती परकीच. आम्ही तुमची प्रतिकार दाबणारी औषधं बंद करतो. तुमच्या रक्षकपेशी खवळतात आणि परकी किडनी, परका कर्करोग, दोघांनाही हाकलून देतात. तुम्ही पुन्हा डायलिसिसवर येता, पण जिवंत असता."

चारुशीलाला हे सगळं तोंडपाठ होतं. तिच्या डोक्यात राहिला तो फक्त पाठीवरचा तीळ.

किडनी बसली ती अशी, की जणू जन्मापासून तिथेच होती. श्रीकरच्या प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या कमी होत गेल्या आणि वर्षभरात बंदच झाल्या. त्याच्या गालांवर रंग आला. सकाळी फिरून आला की तो पोटावर डाव्या बाजूला हात ठेवून म्हणायचा, "बाईसाहेब खूश आहेत आज." चारुशीला चहा गाळत असायची. अशा वेळी गाळणं हमखास ओट्यावर आपटायचं.

भाद्रपदात तर कहर झाला. सर्वपित्री अमावस्येला श्रीकरने त्या बाईसाठी वेगळं पान वाढायला सांगितलं.

"तिला काय आवडायचं कोण जाणे," तो म्हणाला. "खीर कर आणि घारगेही कर."

"माझ्या बाबांच्या पानावर लिंबाची फोड वाढायची राहिली होती, तेव्हा नाही रे तुझा जीव असा तुटला."

"अगं, मेलेल्या बाईचा कसला मत्सर?"

"मेलेली कुठे आहे? चांगली नांदतेय."

तिने पान वाढलं नाही. श्रीकरने स्वतःच वाढलं, आणि मीठ डावीकडे की उजवीकडे, हेही तिला विचारलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात प्रहरी चाचणीत दोष दिसला. रक्तात भटकणारे पेशींचे तुकडे पकडणारी ही चाचणी चारुशीलानेच बसवलेली होती. तिळाची पेशी जागी झाली होती, आणि यकृतापर्यंत पोचलीही होती. नुसती किडनी काढून भागणार नव्हतं.

"औषधं बंद करू," डाबरे सवयीने म्हणाले.

"कुठली औषधं, सर?"

डाबरेंनी गोळ्यांची यादी उघडली. बंद करायला औषध उरलंच नव्हतं. श्रीकरचं शरीर त्या बाईला परकं मानतच नव्हतं; हाकलणार कुणाला? ज्या आकड्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तोच आता त्याचा जीव घेणार होता.

"तीन खुणा वेगळ्या आहेत," चारुशीला म्हणाली.

"त्याच्या रक्षकपेशींना त्या खटकत नाहीत. दुसऱ्या कुणाच्या सोडाव्यात, तर त्या आधी श्रीकरलाच फाडतील."

"म्हणजे असं कुणीतरी हवं, ज्याला ती खटकते आणि श्रीकर खटकत नाही."

बोलता बोलता ती थांबली. गर्भात निम्म्या खुणा बापाच्या असतात. आईच्या रक्षकपेशी नऊ महिने त्या सोसायला शिकतात आणि ती शिकवण सहसा विसरत नाहीत. तिच्या दोन्ही मुलींत मिळून श्रीकरच्या जवळजवळ सगळ्या खुणा आल्या होत्या.

"माझं रक्त काढा," ती म्हणाली.

प्रयोगशाळेत तिच्या रक्षकपेशींना त्या तीन खुणा दाखवण्यात आल्या. एरवी अशा पेशींना तयार करायला महिना लागतो. ह्या मात्र आठवड्याभरातच चवताळल्या. सहायकांना नवल वाटलं. चारुशीलाला अजिबात वाटलं नाही.

श्रीकरची स्वतःची प्रतिकारशक्ती पुसून तिच्या रक्षकपेशी आणि त्या जिच्यातून उपजतात ती अस्थिमज्जा त्याच्या अंगात सोडली. त्यांनी यकृत साफ केलं, मग किडनीवर तुटून पडल्या. श्रीकर तापाने फणफणला. किडनी सुजली, काळवंडली आणि काढावी लागली. कर्करोगाचा मागमूस उरला नाही. ती बाई दुसऱ्यांदा मेली, आणि या वेळी तिला कुणी मारलं हे चारुशीलाला पक्कं ठाऊक होतं. तिला वाईट वाटलं. त्याहून जास्त बरं वाटलं, आणि त्याची लाजही वाटली.

श्रीकर पुन्हा डायलिसिसच्या खुर्चीत आला. डाबरे नवा अहवाल घेऊन आले.

"नव्या किडनीसाठी रांगेत नाव घालू?" श्रीकरने विचारलं.

"उपयोग नाही. तुमच्या शरीराचा पहारा आता यांच्या पेशी करतात. त्या परक्या कुणाला उंबरा ओलांडू देणार नाहीत. एकच किडनी त्यांना आपली वाटेल." त्यांनी चारुशीलाकडे पाहिलं. "चौदा अंकाची."

श्रीकर बायकोकडे वळला. मग हळूच म्हणाला, "अमावस्या जवळ आलीय. तिचं पान..."

"वाढायचं. आता मीच वाढीन." चारुशीलाने त्याच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. "खीर मात्र अर्धीच वाटी."