उजव्या अंगाचा बैल

मोर्णेच्या पात्रात सकाळ अगदी सवडीने उतरत होती. आधी पलीकडच्या बाभळींच्या शेंड्यांना फिकट पिवळेपणा आला. मग तो खोडाखोडाने खाली सरकला, वाळूवर आला, रात्रीच्या चुलींतल्या राखेवर क्षणभर रेंगाळला. रहाटपाळण्याच्या चार पाळण्यांपैकी सर्वांत वरचा उजळला. खालचे तीन निळसर अंधारात तसेच लोंबत राहिले. सैरबीनवाल्याच्या, चित्रे दाखवायच्या पेटीच्या भिंगात एक इवलासा सूर्य उगवला. दंडारीच्या मांडवात रात्रभर सीता झालेला मिशाळ माणूस पदर तोंडावर घेऊन घोरत होता. त्याच्या भेगाळ टाचांवरही तेच ऊन पडले, जे देवळाच्या कळसावर पडले होते. केशवला वाटले, या उजेडाला निवड करावी लागत नाही. म्हणूनच तो इतका शांत असावा.

"पंतोजी! आमचा भिंगऱ्या गेला."

त्याने वळून पाहिले. मनकर्णा उभी होती. मुठीत तुटका गवताचा पेंढा, डोळे कोरडे.

केशव अकोल्याच्या सरकारी शाळेत पंतोजी होता. वय बावीस, बोलणे कमी. अक्षर चांगले म्हणून जत्रेच्या पंचांनी शंकरपटात धावणाऱ्या जोड्यांची यादी लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले होते. अमेरिकेतल्या लढाईने वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो मान आला होता आणि त्या माघात बार्शीटाकळीपासूनचे लोक करमणुकीसाठी नदीकाठी लोटले होते. पाळणे, दंडार, सैरबीन हे सारे निमित्त. खरी ओढ होती ती बैलांच्या शर्यतीची.

तीन दिवसांपूर्वी त्याच यादीत केशवने मनकर्णाचे नाव लिहिले होते. महादेवरावांची एकुलती मुलगी, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. बाईने कासरा धरल्याचे कोणी ऐकले नव्हते. पंच कुरकुरले, तरी केशवची लेखणी थांबली नाही. तेव्हापासून लोक त्याला धीट म्हणू लागले होते.

"कधी गेला?"

"तांबडं फुटाच्या आंदी होता. मी नदीवरून आली तं दावण सुनी."

"तुमची पाळी?"

"दुपार ढळाच्या आंदी. जोडी उभी नाई राहिली तं पंच नाव काटतीन." तिने पेंढा फेकला. "अन् मंग पुढच्या साली कोनी लिहिनार नाई. तुमी बी नाई."

केशव तिच्यामागे निघाला.

दावणीपाशी तिचा दुसरा बैल, चांद्या, अस्वस्थपणे माती उकरत होता. शेजारचा खुंटा रिकामा. दोर तुटला नव्हता, कापला नव्हता. गाठ नीट सोडलेली होती. भिंगऱ्याची घुंगुरमाळ छकड्याच्या साटीला, म्हणजे बसायच्या चौकटीला, अडकवलेली होती, आणि घुंगरू वाजू नयेत म्हणून ती फडक्यात गुंडाळलेली होती. केशवने खाली वाकून टोपले पाहिले. तळाशी भिजल्या सरकीचे चार दाणे चिकटले होते.

"पटाच्या दिवशी सरकी घालतात?"

"छे! पोट भरलं तं धावन का बैल? चिमूटभर गूळ देते, बस." ती थबकली. "कोनं घातली?"

महादेवराव छकड्याच्या सावलीत बसले होते. मागच्या वर्षीच्या पटात छकडे उलटून त्यांचा डावा हात चाकाखाली गेला होता. तो आता कोपरापासून ताठच राही. गेल्या दिवाळीला, भरल्या पारावर, त्यांनी लेकीला शब्द दिला होता: जोडी नाल्यापर्यंत सरळ नेऊन दाखव, मग कासरा तुझा. तिने नेऊन दाखवली होती.

"बैल शेवटचा कधी पाहिलात?" केशवने विचारले.

"पानी पाजलं तवा. अंधार होता."

"मग?"

"मंग मारोतीच्या देवळात गेलो. आलो तं हे असं."

"सोबत आणखी कोणी होते?"

"सालदार सूर्यभान. तो कापसाची गाडी घेऊन बजारात गेला, अंधारातच. आता एका हातानं मी काय चोर धरू, पंतोजी?"

हे सांगताना त्यांची नजर मुलीकडे एकदाही गेली नाही.

जत्रेत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच नाव होते: खुशालराव. दोन वर्षे पहिला येणारा धुरकरी, म्हणजे छकडे हाकणारा. भिंगऱ्यापुढे यंदा त्याची जोडी फिकी पडणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होते. तो बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत बसला होता.

"या पंतोजी! चोर पाहाले आले का?"

"प्रश्न विचारायला आलो."

"इचारा. महादेवरावानं पोरीचा पाट लावाचा सोडून पट लावला, हे म्या बोललो. सगळ्यांसमोर बोललो. पन बाईले हारवाले मले बैल चोरा लागते, असं कोनी म्हनन तं त्याची जीभ झडन!"

"समजा, चोरलाच असता. कुठे लपवला असता?"

खुशालराव हसला. "लपवाचं कायले? बजारात शेकड्यानं गाड्या हायेत. शिंगाले राख फासाची अन् कोनत्याबी गाडीले जुंपाचा."

"कोणत्याही बाजूला?"

"मी चोर असतो तं कोनत्याबी. बैल माह्या नाई, चाल बिघडली तं माहं काय जाते? पन सोताचा बैल असन, उजव्या अंगाचा, तं धुरकरी त्याले डाव्या अंगाले मेला तरी नाई जुंपनार. साल जाते चाल सुधराले. आमी सोयरीक बदलवू, बाजू नाई बदलवत!"

भोवतीचे हसले. केशव हसला नाही. त्याने विचारले, "भिंगऱ्या कोणत्या अंगाचा?"

"उजव्या. पोट्टे बी सांगतीन."

परतीच्या वाटेवर गंगूबाई माळीण बैलांसाठी झेंडूच्या माळा ओवत होती. तिच्या दुकानामागे, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या गंजीआड, एक पांढरा बैल एकटाच बांधला होता. त्याच्या डाव्या कुशीवरचे केस हातभर घासून गेले होते, खाली चामडी काळी पडली होती.

"हा कोणाचा, मावशी?"

"काय मालूम! जत्रंत बैलं का कमी हायेत? सकायपासून हंबरून राहिला. जोडीदार पाह्यजेन त्याले. मानसापेक्षा बरा, बापा."

"पहाटे इकडून कोण गेले?"

"एक कापसाची गाडी गेली. मले वाटलं भूतच जाते. बैलाच्या गळ्यात एक घुंगरू नाई!"

केशवने ती घासलेली कूस पुन्हा एकदा निरखली. मग त्याने पंचांच्या एका घोडेस्वाराला बाजाराकडे पिटाळले आणि बैलाचे दावे स्वतःच्या हाताने सोडले. असे जनावर त्याने आयुष्यात कधी धरले नव्हते. बैल त्याच्यामागे मुकाट चालत आला.

ऊन माथ्यावर आले तेव्हा पटाच्या तोंडाशी पंच, खुशालराव, महादेवराव आणि अर्धी जत्रा जमली होती. मनकर्णाने चांद्याला एकट्यालाच छकड्यापाशी आणून उभे केले होते.

"एका बैलावर धावनार काय, बाई?" कोणी ओरडले.

"तू ये जुंपाले! जागा रिकामी हाये."

हशा विरला तसा केशव पुढे झाला. पांढऱ्या बैलाचे दावे त्याच्या हातात होते.

"मनकर्णाबाई, हा बैल कोणाचा?"

ती बैलाजवळ आली. "आमचा! गाडीचा बैल. हा इथं काहून? सूर्यभान गाडी घेऊन गेला ना?"

"गाडी गेली. हा मागे राहिला. एका बैलावर कापसाची गाडी जात नाही, म्हणजे याची जागा दुसऱ्या कोणी घेतली. याच्या डाव्या कुशीचे केस पाहा. गाडीची धुरी, म्हणजे लांब दांडी, दोन बैलांच्या मध्ये असते. डावी कूस घासली, म्हणजे हा उजवीकडे चालणारा. रिकामी झाली ती उजवी बाजू. भिंगऱ्या उजव्या अंगाचा."

गर्दीत कुजबुज उठली.

"चोराला बाजूचे सोयरसुतक नसते, हे खुशालरावांनीच सांगितले. ज्याने भिंगऱ्याला नेले, त्याला त्याची चाल जपायची होती. दोर कापला नाही. घुंगुरमाळ फेकली नाही, फडक्यात बांधून ठेवली. आणि नेण्याआधी पोटभर सरकी घातली. का? बैल वेळेआधी सापडला, तरी आज तो जिंकू नये म्हणून. इतकी माया आणि इतका विरोध एकाच माणसाकडे असू शकतो. महादेवराव, भिंगऱ्या तुमच्याच गाडीला आहे."

महादेवराव उठले नाहीत. त्याच वेळी बाजाराच्या वाटेने धूळ उठली. सूर्यभान गाडी हाकत येत होता. उजव्या बाजूला, शिंगांना राख फासलेला, भिंगऱ्या होता. सूर्यभानने उतरताच मान खाली घातली. "मालकानं सांगतलं, बाई."

"बाबा?" मनकर्णा म्हणाली.

"शब्द देऊन बसलो होतो," महादेवराव हळू बोलले. "चारचौघांत मोडता येईना. हा हात पाहा. हे माह्यं झालं तं झालं. तुह्यं झालं असतं तं? बैल चोरी गेला म्हटलं असतं, तं तुह्या बी मान राहिला असता, माह्या बी."

"अन् खुशालकाका चोर ठरले असते."

 खुशालराव एक पाऊल पुढे आला, मग काय वाटले कोण जाणे, मागे सरला आणि वाट मोकळी करून दिली.

मनकर्णाने ओल्या फडक्याने भिंगऱ्याची शिंगे पुसली. त्याच्या फुगलेल्या पोटावर हात फिरवला. पंचांतला एक जण म्हणाला, "पोरी, भरल्या पोटाचा बैल हाये. हारशीन. पुढच्या साली ये."

"हारीन," ती म्हणाली. "पन धावीन आजच."

तिने जोडी जुंपली. चांद्या डावीकडे, भिंगऱ्या उजवीकडे. पदर कमरेला खोचला, कासरा मनगटाला एक वेढा देऊन धरला. झेंडी पडली. धुळीचा लोट उठला, आरोळ्या उठल्या, चाके नाल्याच्या दिशेने खडखडत गेली आणि कितीतरी वेळाने, उभीच्या उभी, ती पलीकडच्या टोकाला दिसली. तोवर धावलेल्या जोड्यांत शेवटून दुसरी. पहिला हात वर झाला तो खुशालरावाचा. "आली रे आली!" तो गर्जला, आणि मग सारी जत्रा.

महादेवराव धापा टाकत, जणू तेच धावले असावेत तसे, केशवपाशी आले.

"पंतोजी, एक सांगा. दोर, सरकी, कूस, हे समदं मंगचं. तुमी सकाळी माह्या तोंडाकडं पाह्यलं तवाच तुमाले समजलं होतं. बापाच्या मनातलं तुमाले कसं समजलं?"

"खुणा होत्या," केशव म्हणाला. "फक्त खुणा."

म्हाताऱ्याने मान हलवली आणि तो लेकीकडे निघाला. धूळ बसत होती. केशवने यादी उघडली, मनकर्णाच्या नावापुढे 'धावली' असे लिहिले आणि लेखणी हातातच राहिली.

तिचे नाव लिहिले त्या दिवसापासून, तिने पटात उतरू नये, असे त्यालाही वाटत होते.